झुपक्याचा रंग

मेहुण्यानं द्राक्षाच्या वेलाचं पान उलटं करून बघितलं आणि हातातली औषधाची बाटली खाली ठेवून दिली.

"भावोजी, फोनवर हिरव्या अळ्या म्हणालात ना? ह्या तर नारिंगी आहेत! नारिंगी, काळे, पांढरे पट्टे. बँडवाल्यांचा ड्रेस घालून बसल्यात लेकाच्या. आणि मी नर्सरीतून हिरव्या अळीचं औषध उचलून आणलं."

पेंटर हसला. "अरे, वेलावरची अळी हिरवीच असणार म्हणून बोलून गेलो. या वयात वाकून कोण बघतंय?"

वाकून बघितलं होतं त्यानं. चांगला चष्मा पुसून बघितलं होतं. पण गेल्या उन्हाळ्यापासून लाल, हिरवा, नारिंगी, सगळे एकाच डबक्यात पडल्यासारखे मातकट दिसायला लागले होते. उभा जन्म पाट्या रंगवण्यात गेलेला. अर्ध्या बाजाराच्या पाट्या त्याच्या हातच्या. नुसत्या नजरेनं रंग कालवायचा, तेव्हा लोक हातातली कामं टाकून बघत उभे राहायचे. आता डब्यावरचं नाव चोरून वाचायला लागायचं. घरात कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. सोमवारी फळवाल्याच्या नव्या दुकानाची पाटी होती. तिला हो म्हणायचं, की ब्रश कायमचा ठेवून द्यायचा, हे काही केल्या ठरत नव्हतं.

बायको धुणं वाळत घालत होती. ती एकदम थांबली. "अळ्यांचं राहू दे. ते बघ, भिंतीवर. रोज येतं ते फुलपाखरू."

भर उन्हात बसलं होतं. काळ्या मखमलीवर पिवळे ठिपके, मागच्या पंखांना निळी कड.

"ताई, फुलपाखरू नाही ते. पतंग आहे."

"पतंग? दिव्यावर मरायला येतात ते?"

"ते वेगळे. हा दिवसा उडणारा. रात्रपाळी झेपत नसेल त्याला." मेहुणा दबकत पुढे गेला. "मिशा बघ, दोऱ्यासारख्या सरळ. फुलपाखराच्या मिशीला टोकाला बारीक गुंडी असते. आणि बसलाय कसा, पंख अंथरुणासारखे पसरून. ह्या अळ्या ह्याच्याच असणार. पण अगदी असाच आणखी एक असतो, तो द्राक्षाला तोंड लावत नाही. फरक काय तो शेपटाकडच्या केसांच्या झुपक्याच्या रंगात." मग मागे वळून ओरडला, "ओ रंगसम्राट! लांब का उभे? तुमच्यासमोर मी रंग सांगायचा म्हणजे तुमचा अपमान. या, सांगा, झुपका कुठला?"

पेंटर पुढे आला. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. लपवून लपवून जीव थकला होता त्याचा. तिथल्या तिथं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. बरोबर आलं तर फळवाल्याला हो म्हणायचं. चुकलं तर आत्ता, इथंच, ह्या दोघांना सगळं सांगून मोकळं व्हायचं.

बराच वेळ बघितलं. मातीच दिसत होती.

"हिरवा," तो म्हणाला. "पोपटी नाही. गडद."

झुपका लालभडक होता. निखारा ठेवल्यासारखा.

मेहुण्याला वाटलं, थट्टा चाललीय. तो हसायलाच लागला. "काय भावोजी, भर दुपारी तुम्ही…"

बायकोनं ओला हात भावाच्या मनगटावर ठेवला. ती नवऱ्याकडे बघत होती. नवरा पतंगाकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. निकालाच्या दिवशी पोरं मास्तरांच्या तोंडाकडे बघतात ना, तसा. गेल्याच आठवड्यात त्यानं पिशवीभर कच्चे टोमॅटो आणले होते, आणि तिनं चांगलं फैलावर घेतलं होतं. सिग्नलला हल्ली गर्दी हलल्याशिवाय पाऊल उचलत नव्हता. तिला वाटलं होतं, वय झालं, घाबरतो.

"हिरवाच आहे," ती म्हणाली. "होय ना रे?"

मेहुणा बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिला. "हो. हिरवाच की. गडद."

पेंटरनं केवढा तरी मोठा श्वास सोडला. मेहुण्याच्या पाठीत एक धपका घातला. कितीतरी महिन्यांनी तो असा पोटातून हसला. "च्यायला! आणि मी आपला उगाचच…" त्यानं खिशातून मोबाईल काढला.

"आता कुणाला फोन?" बायकोनं विचारलं.

"फळवाल्याला. बिचाऱ्याला लटकवून ठेवलंय. खरं सांगू? नाहीच म्हणणार होतो."

तिच्या हातातला पिळा तसाच राहिला. पाणी पायावर गळत होतं.

"अहो, ऐका ना. राहू द्या ते काम."

"आता का राहू द्या?"

त्याचा चेहरा इतका उजळला होता, की तोंडाशी आलेलं तिनं परत गिळलं. तेवढ्यात तिकडे फोन उचलला गेला.

"हां, मी पेंटर! येतो हो सोमवारी. सकाळीच शिडी लावतो. हो हो, हिरव्या पाटीवर लाल अक्षरं, लक्षात आहे." त्यानं भिंतीवरच्या पतंगाकडे मान वळवली. "आणि हिरवा कुठला ते विचारूच नका. आत्ता समोरच बसलाय माझ्या. अगदी तस्साच कालवून आणतो."