शुभदाताईंचा पॉज

साल २०१९. पिंपरीत मेट्रोचे खांब उभे राहत होते. त्या गर्दीत अडकून चाकणच्या कंपनीची बस नाट्यगृहाशी पोहोचली, तेव्हा कामगारांच्या एकांकिका स्पर्धेतला त्यांचा अकराचा प्रयोग अर्ध्या तासावर आला होता.

"ताई, शेवटचा तो पॉज जरा आवरा," दिग्दर्शक हिंदुराव मेकअपच्या खोलीत म्हणाले. "गेल्या सालच्या नाटकात तुमचा नवरा दारात उभा राहून राहून म्हातारा झाला."

"तीन मोजते मी, हिंदुराव."

"तीन न्हाई, तेरा! मी विंगेत मोजलंय."

नवऱ्याचं काम करणारा गुरुदत्त मिशी चिकटवता चिकटवता हसला. शुभदाही हसली. ती टाइम ऑफिसात होती. लग्न राहून गेलेलं, सांगवीत एकटीचं घर. अकरा वर्षं ती कंपनीच्या नाटकात काम करत होती आणि अकरा वर्षांत एक वाक्य विसरली नव्हती. त्याचा तिला फार अभिमान होता.

पॉजचं खरं कारण हिंदुरावांना ठाऊक नव्हतं. ते पहिल्या रांगेच्या डाव्या कडेला, खाली मांडी घालून बसलेलं असायचं. टूलरूमचे ज्योतीराम, नाटकाचे फोटो काढायला कॅमेरा घेऊन. फ्लॅश मारायला बंदी, रंगमंचावर उजेड जेमतेम. माणूस जरा हलला की फोटो पुसट यायचा. पहिल्याच वर्षी ते तिला म्हणाले होते, "ताई, तुम्ही थांबता ना, तेवढ्यात माझं काम होतं बघा. थांबत जावा जरा."

तेव्हापासून ती थांबत होती. श्वास धरून. खालून 'खट्' असा आवाज आला की मग पुढचं वाक्य. वर्षातून एकदा तेवढा आवाज तिला पुरत होता.

ज्योतीरामांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. या महिनाअखेरीला ते रिटायर होणार, मुलाकडे लातूरला जाणार, असं कॅन्टीनमध्ये तिच्या कानावर आलं होतं. खरं का, म्हणून विचारायला तिचं नातं काय होतं?

प्रयोग छान रंगला. शेवटचा प्रसंग आला. दिवे मंद झाले, एक पिवळा झोत तेवढा उरला. बारा वर्षांनी परत आलेला नवरा दारात उभा. तिनं वळून बघायचं, थांबायचं आणि म्हणायचं, "हातपाय धुऊन घ्या, पान वाढते."

ती वळली. थांबली.

खालून आवाज आला नाही.

उजेड कमी पडला असेल, त्यांचा नेम साधत नसेल. तिनं मान तसूभर हलू दिली नाही. हा शेवटचा. हा चुकला तर पुन्हा नाही. ती थांबली. सभागृहात कुणीतरी खोकलं. ती थांबली.

"हातपाय धुऊन घ्या!" विंगेतून प्रॉम्प्टर पूनम कुजबुजली. मग जरा मोठ्यानं, "ताई, हातपाय!"

तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. लोक हसले. गुरुदत्त घाबरला आणि स्वतःच म्हणाला, "हातपाय धुऊन घेतो. तू पान वाढ."

हशा आणि पडदा एकदमच आले.

विंगेत पूनमनं संहिता मिटली. हिंदुराव डोक्याला हात लावून खुर्चीत बसले होते. तेवढ्यात ज्योतीराम वर आले, लहान मुलासारखे खुशीत. गळ्यात नवा कॅमेरा.

"गेल्या साली परीक्षकांनी खटखटीची तक्रार केली होती ना, म्हणून हा घेतला. कसलाच आवाज नाही बघा! ताई, तुमचे अठरा निघाले. एकसुद्धा हललेला नाही."

त्यांनी कॅमेरा तिच्यापुढे धरला आणि एकेक फोटो पुढे सरकवू लागले. अर्ध्या चेहऱ्यावर पिवळा उजेड. ओठ किंचित उघडे. असा स्वतःचा चेहरा तिनं आरशातही कधी पाहिला नव्हता. सहाव्या की सातव्या फोटोशी ज्योतीरामांचा अंगठा थबकला.

"गुरुदत्त तर तिकडं होता," ते हळूच म्हणाले. "उजवीकडं, दारात."

"हो."

"मग तुम्ही इकडं खाली..."

पूनम बघत होती. हिंदुरावांनीही मान वर केली होती.

"वाक्य विसरले," शुभदा म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कुठं बघत होते, तेही कळलं नाही. वय झालं आता."

ज्योतीरामांनी कॅमेरा बंद केला. भिंगावर काही नव्हतं, तरी रुमालानं पुसत राहिले.

"होतं असं कधी कधी," ते म्हणाले.

गुरुदत्तला त्या वर्षी हजरजबाबीपणासाठी खास बक्षीस मिळालं. ते अजून तो पाहुण्यांना दाखवतो. हिंदुरावांनी आणखी एक एकांकिका बसवली आणि ते कराडकडे शेती बघायला गेले. पूनम आता मुख्य भूमिका करते. ज्योतीराम लातूरला गेले. जाण्याआधी त्यांनी प्रयोगाचे चाळीस फोटो ग्रुपवर टाकले. शेवटच्या प्रसंगाचा त्यात एकही नव्हता.

शुभदा रिटायर झाली, सांगवीतच असते. तालमीला बोलावतात, ती जाते. नव्या मुलींना कुणीतरी तो किस्सा सांगतंच, ताई भर प्रयोगात वाक्य कशा विसरल्या त्याचा. मुली तिच्याकडे बघतात. "खरंच, ताई?"

"डोकं अगदी कोरं झालं होतं गं," ती म्हणते आणि त्यांच्याबरोबर हसते.