आईच्या वासाचं दुपटं

आई बाळंतपणात गेल्यापासून तान्ही ओवी बाटलीला तोंड लावत नव्हती. डॉ. कमलिनीबाई दाबके प्रयोगशाळेतून एक दुपटं घेऊन आल्या. ओवीच्या आईच्या अंगावरचे जिवाणू त्यात जिवंत होते, आणि त्यांची विकरं हुबेहूब तिचाच वास घडवत होती.

"उभी हयात यातच गेली," ओवीला गुंडाळता गुंडाळता बाई म्हणाल्या. "सासूबाई म्हणायच्या, लोकांच्या सुना लोणची घालतात, आमची घाम मुरवते!"

ओवीने दुपट्यात नाक घुसळलं आणि चुटुचुटु दूध ओढू लागली.

तिचा बाप, सुहास, दारातच अवघडून उभा होता.

"बाई, तिचं पोट भरलं की... ते दुपटं जरा मला..."

"तुझ्यासाठी उशीचा अभ्रा वेगळा आणलाय रे, बाळा."