नळीतला अडथळा

मीटिंग चालू असताना तेजस्विनीच्या कमरेवरचा इन्सुलिनचा पंप थरथरला. तिनं टेबलाखाली मोबाइल पाहिला. ‘इन्सुलिन तात्पुरतं थांबवलं.’

रक्तातली साखर तर अगदी बरोबर होती. ती काचेचं दार लोटून बाहेर आली आणि वारज्याला घरी फोन लावला.

"मावशी, निहार उठला का?"

"आत्ता बघा डोळं उघडलं. तुमाला तिकडं हिंजवडीत कसं कळलं?" बाळाला सांभाळणाऱ्या गोदाबाईंनी विचारलं.

"मला नाही, पंपाला कळलं."

तिला हसू आलं. बाळ अंगावर प्यायलं की तिची साखर उतरते, हे पंप रजेच्या महिन्यांत शिकला होता. कातडीखालून जाणाऱ्या इन्सुलिनचा रस्ता लांबचा, डॉक्टर म्हणाले होते. ते रक्तात सावकाश पोचतं, म्हणून यंत्राला सगळं आधी ओळखावं लागतं. पण आज बाळ तिथं होतं आणि ती इथं. सवयीची वेळ असेल, दुसरं काय.

"काढून ठेवलेलं दूध द्या त्याला."

"देते. आन ताई, सकाळी तुमी पोटावरची नाळ बदलली, ती बेसिनपाशीच हाय. काय करू तिचं?"

"नाळ नाही हो मावशी, नळी. सुई मी काढून टाकलीय. नळी कचऱ्यात टाका."

"पोटाची नाळ कचऱ्यात टाकत्यात व्हय?"

"मग पुरा सोसायटीच्या बागेत. वर पाटीसुद्धा लावा."

"टोमणं नका मारू. तुमच्या अंगावरची हाय. आई घरात न्हाई तवर लेकराजवळ असू दे."

आतून तिच्या टीममधल्या अभिनवनं काचेवर टकटक केलं.

"ठेवा बाई, कुठं ठेवायची तिथं ठेवा," म्हणत तिनं फोन बंद केला.

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि पंप ओरडला. थरथरला नाही, ओरडला. कॅन्टीनमधली माणसं वळून बघायला लागली.

‘नळीत अडथळा. इन्सुलिन पुढे जात नाही.’

"बघ गं, तुझं बाळ रडतंय," अभिनव म्हणाला.

तिनं कुर्त्याखाली हात घालून नळी चाचपली. कमरेपासून पोटापर्यंत बोटं फिरवली. कुठं पीळ नव्हता, कुठं घडी नव्हती. नळी नवी, सरळ, मोकळी. पंप ओरडतच होता. आणि कुणीही जवळ नसताना, काहीही ऐकू आलं नसताना, तिला पान्हा फुटला. कुर्ता ओला झाला.

तिनं फोन लावला.

"झोपलाय," गोदाबाई कुजबुजल्या. "मगाशी चुळबुळ चालली होती, आता एकदम गप हाय."

"आत जाऊन बघा."

"झोपल्या लेकराला सारखं बघू न्हाई, ताई."

"मावशी, नळी कुठं ठेवलीत?"

"पाळण्याच्या दोरीला बांधलीय. त्याच्या हाताशी. लई खेळला तिच्याशी."

"पळा."

सपातांचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. फक्त पंप.

"अगं आई गं! ताई, मानेला वेढा बसलाय..."

"कापा!" तेजस्विनी किंचाळली. कॅन्टीनमध्ये चमचे थांबले. "मावशी, नाळ कापा!"

तिकडं ड्रॉवर खाडकन उघडला. कात्री वाजली. एकदाच.

मग रडणं आलं. चिरका, ओला, श्वास शोधणारा आवाज. असं रडताना तिनं निहारला एकदाच ऐकलं होतं, सिझेरियनच्या टेबलावर, हिरव्या पडद्याच्या पलीकडून.

"घेतलंय मी, छातीशी घेतलंय," गोदाबाई रडत सांगत होत्या. "मान लाल झालीय नुसती. वरडतंय बघा कसं. ऐका, ताई, ऐका."

ती ऐकत राहिली. पंप कधी गप्प झाला ते तिला कळलंच नाही.

तिनं मोबाइल कानावरून खाली घेतला तेव्हा अभिनव विचारत होता, "काय गं, पंप बिघडला होता का?"

फोन चालूच होता. त्यातून निहार रडत होता, आणि वर एक ओळ आली होती. ‘अडथळा दूर झाला. इन्सुलिन सुरू.’

"निघते मी," ती म्हणाली. पण लगेच उठली नाही. कुर्त्याखालची नळी अजून तिच्या चिमटीत होती. ती कोमट झाली होती. आणि बोटांखाली, अगदी हळू, ठोके देत होती.