मागच्या बाकावरचा प्रश्न

झोंबा शहरातल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवता शिकवता केस पिकलेले प्रोफेसर कामवेंडो प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला कुरकुरतच आले. तिथे त्यांच्याच तासाचा व्हिडिओ लावला. “सर, आवाज बंद ठेवते. स्वतःकडे नको, मुलांकडे बघा,” प्रशिक्षिका तावोंगा म्हणाली. “मुका सिनेमा होय!” ते हसले, पण खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर ते फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरची चिसोमो हात वर करी; वर्गाकडे वळले की खाली. हिला विचारायचंय तरी काय? दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी तिलाच उभं केलं. “बोल गं, काय अडलंय?” ती चाचरली. “सर, मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा शिजताना हातावर का उडतो? उकळतं पाणी नाही असं उडत.” वर्ग खिदळला. प्रोफेसरांनी हात वर करून वर्गाला थांबवलं. “कोण जाणे! जन्मभर चटके खाल्ले, कधी विचारलं नाही. चला, कॅन्टीनच्या चुलीकडे!” खडू ठेवून ते निघालेसुद्धा.