पाटावरची सहावी गोळी

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. देवघरापुढे पाट मांडलाय. पाटावर केळीचे घड कापायचा विळा आहे, शेजारी नवंकोरं रिव्हॉल्व्हर, आणि झेंडूच्या पाकळ्यांत पितळी गोळ्या. सकाळी त्या सहा होत्या. आता मोजा. पाच.

हितेंद्रने चारदा मोजल्या. पाचच.

जळगावात मेहरूणला त्याचं घर. केळीचा व्यापार. सावद्याहून येताना चोरांनी त्याची गाडी दोनदा अडवली, म्हणून त्याने हत्याराचा परवाना काढला. हत्यार घरात येऊन वीस दिवस झाले होते. आज खंडेनवमी, शस्त्रं पुजायचा दिवस. त्याने हौसेने एकेका गोळीला कुंकवाचं बोट लावलं. जेवला आणि तिथेच आडवा झाला. उठला तेव्हा एक गोळी नव्हती.

त्याने आधी रिव्हॉल्व्हर आणि उरलेल्या गोळ्या कपाटात टाकून कुलूप लावलं. मग पाट उलटा केला. गाद्या झटकल्या. चार वर्षांच्या पियुषच्या तोंडात बोट घालून पाहिलं. पियुष भोकाड पसरून अंगणात पळाला. नऊ वर्षांच्या कामिनीला त्याने तीनदा ओरडून विचारलं. तिने तीनदा नकारार्थी मान हलवली. मग तो भिकुबाईंकडे वळला. त्या अकरा वर्षं या घरात काम करत होत्या.

"पाटाजवळ तुम्हीच झाडलं ना? खरं सांगा. नाहीतर पोलिसांना बोलावतो."

"मी हात बी नही लावा, भाऊ. मना पोर्‍यासनी आन शे." पोरांची शपथ घेऊन भिकुबाईंनी कोणी न सांगता आपली पिशवी जमिनीवर उपडी केली. भाकरीचं फडकं, तंबाखूची डबी, बसचं तिकीट. त्या खाली बसल्या आणि निर्माल्यातली फुलं एकेक करून तपासू लागल्या.

हितेंद्रने धुळ्याला फोन लावला. तिथल्या बंदुकीच्या दुकानात अन्वरचाचा चाळीस वर्षं दुरुस्ती करतात. हत्यार घेतलं तेव्हा त्यांनीच त्याला तासभर शिकवलं होतं.

"हत्यार रिकामं आहे का?" चाचांनी पहिलं हेच विचारलं.

"असेल ना."

"असेल नको. चक्री उघड, सहाही घरं डोळ्यांनी बघ, मग बोट घालून बघ. मी थांबतो."

हितेंद्र पाहून आला. "रिकामं आहे, चाचा."

"आता सांग, गोळ्या बाहेर कशाला आल्या?"

"पूजेला. कुंकू लावलं."

"मी काय म्हणालो होतो? गोळीला तेल नाही, पाणी नाही, कुंकू नाही. कोरडा डबा. वेगळं कुलूप. हत्यार पुसायला घेतलं तर गोळ्या त्या खोलीतसुद्धा नकोत."

"रागवा नंतर, चाचा. ती उडेल का?"

"नुसती पडून राहिली तर सहसा नाही. पण शेगडीवर गेली तर? कोणी दगडाने ठोकली तर? पोराने गिळली तर? आता सापडली नाही तर पोलीस ठाण्यात जा, स्वतः सांग. परवान्याची काळजी नंतर. आणि घरातल्या पोरांना तू काय सांगून ठेवलं होतंस?"

"हात लावाल तर हात मोडीन."



"मग ज्याने घेतली, त्याने तुला कशाला सांगावं, बेटा?"

हितेंद्रने फोन ठेवला. कामिनी दाराच्या पडद्याला धरून उभी होती. पडदा मुठीत चुरगळला होता. तो तिच्यासमोर फरशीवर बसला. इतका वेळ मोठा असलेला आवाज त्याने खाली आणला.

"कामू, चूक माझी आहे. गोळ्या उघड्यावर ठेवून मी झोपलो. कोणालाही मार बसणार नाही. भिकुबाईंनी घेतली नाही ना?"

कामिनीने फुलं चाळणाऱ्या भिकुबाईंच्या बोटांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. तिची नजर अंगणाकडे गेली.

अंगणात गल्लीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणायला जमल्या होत्या. गाणी संपली होती. आता बंद डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा खेळ चालला होता. आवाजावरून ओळखला तर मुली जिंकल्या. नाही ओळखला तर ज्या घरचा खाऊ, ते घर जिंकलं. काल पुनमच्या घरच्या खाऊने सगळ्यांना हरवलं होतं, आणि पुनमने कामिनीला दिवसभर चिडवलं होतं. आज खाऊ कामिनीच्या घरचा होता.

"शेंगदाणे!"

"शेंगदाणे असे वाजतात होय? जड आहे काहीतरी."

"बदाम?"

"सुपारी! कामीची आई आता आपल्याला पान खाऊ घालते बघ!"

मुली खिदळल्या. पुनमने डबा कानाशी नेऊन जोरात हलवला. चुरमुऱ्यांच्या सळसळीत काहीतरी ठणकन पत्र्यावर आपटलं.

"हरलो गं बाई. उघडा आता."

पियुष ओंजळ पसरून सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

हितेंद्र उठायच्या आत कामिनी धावली. "पुनम, झाकण सोड!" तिने डबा ओढला नाही. अलगद काढून घेतला, पोटाशी धरला, एक हात झाकणावर ठेवला. "जिंकली म्हणून पळते का गं?" मागून कोणीतरी म्हणालं. तिने वळून पाहिलं नाही. घरात येईपर्यंत ती पाऊल मोजून टाकत होती, आणि डबा एकदाही वाजला नाही.

"पप्पा, यात आहे," ती म्हणाली. मग डबा बापाच्या हातात देऊन ती भिकुबाईंजवळ बसली आणि त्यांचं सामान पिशवीत भरू लागली.