पहिला घास बापूंचा

लापसीवरचं तूप थिजायला लागलं, तरी पंगतीतला एकही हात पानाकडे गेला नाही. बापू अजून आले नव्हते.

भाणवेल ही एके काळी सात गावांच्या संस्थानाची राजधानी. बाकीची सहा गावं आता दुसऱ्या तालुक्यात गेली आहेत आणि राजधानीत बस दिवसातून एकदाच येते. पण गादीचा मान शाबूत आहे. गावातल्या मुलीच्या लग्नात गादीचे वारस वाजसूरबापू नवरीला पायात घालायला चांदीचे तोडे देतात, लापसीचा पहिला घास घेतात, मग गाव जेवतं. त्याआधी कोणी पुरी मोडत नाही. बापू दर लग्नात उशिरा येतात. राजाने वेळेवर यायचं नसतं, हे गावाला मान्य आहे.

सुरतेहून आलेल्या व्याह्यांना ते मान्य नव्हतं.

"जेरामभाई," व्याही धरमशीभाई म्हणाले, "एवढ्या वेळात आमच्याकडे दोन लग्नं उरकतात."

"आलेच बापू. पागोटं बांधताहेत."

"मघाशीही पागोटंच बांधत होते. आहे तरी किती लांब ते?"

पंगतीत हशा पिकला. जेरामभाई हसले नाहीत. त्यांच्या घरातलं हे पहिलंच लग्न. वऱ्हाड पानावरून उपाशी उठलं असतं, तर मुलीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. धरमशीभाईंनी गाडीच्या ड्रायव्हरला खूण केलेली त्यांनी पाहिली आणि ते दरबारगडाकडे, बापूंच्या वाड्याकडे, धावत सुटले.

बापू अंगणात झोपाळ्यावर बसले होते. पागोटं बांधून झालेलं होतं. पायात जोडे होते.

"बापू, चला. पानं वाढलीत."

"बस, जेराम. मी जरा विचार करत होतो. राजेशाही जाऊन किती वर्षं झाली रे?"

"बापू, लापसी गार होतेय."

"तेच म्हणतो मी. एकाने आधी जेवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे लोकशाहीत शोभत नाही. आजपासून ही चाल बंद. जा, गावाला जेवायला सांग."

"गाव ऐकायचं नाही, बापू."

"माझा हुकूम आहे म्हणावं."

जेरामभाईंनी मांडवात येऊन हुकूम सांगितला. म्हाताऱ्यांनी पानं पुढे सरकवली.

"बापूंना उपाशी ठेवून आम्ही गिळायचं?" चार मुलग्यांचे बाप असलेले लाखाकाका म्हणाले. "काहीतरी बिनसलंय. तू काय बोललास त्यांना?"

"मी काहीच बोललो नाही."

"मग त्याचाच राग आला असेल."

तेवढ्यात धरमशीभाई उठले. "चला रे. वाटेत एखादा ढाबा लागेल." त्यांच्यापाठोपाठ अर्धी पंगत गुडघ्यांवर हात टेकून उठायच्या बेतात आली.

प्रेमजी सुताराने जेरामभाईंना दंडाला धरून मांडवामागे नेलं. मागच्याच महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं होतं.

"लोकशाहीवर बोलले का?"

"बोलले."

"माझ्या वेळीही बोलले होते. तू तोडे पोचवले नाहीस ना?"

"कसले तोडे? तोडे तर बापू देतात."

"देतात ना. पण आधी मागच्या दाराने आपण नेऊन द्यायचे असतात."

जेरामभाईंनी विचारलं, "दर लग्नात?"

"माझ्या लेकीच्या वेळी करसनकाकांनी मला असंच मांडवामागे ओढून सांगितलं. त्यांना कोणी सांगितलं, ते त्यांनी सांगितलं नाही."

"अरे, मग मला काल नाही का सांगायचं?"

"असं आधी सांगत फिरतात का? बापूंचा काही मान आहे की नाही?"

"पण आता या घडीला मी तोडे आणू कुठून?"

"आणतोस कशाला? गावात एकच जोड आहे. तोच फिरतो."

"मग आता कुठे आहे?"

प्रेमजीने पंगतीकडे पाहिलं. त्याची मुलगी माहेरपणाला आली होती. "बसा ना, काका," असं उठत्या व्याह्यांना विनवत ती पाण्याचा जग घेऊन लगबगीने फिरत होती, आणि भाणवेल संस्थानाचा सगळा खजिना तिच्या पायांत छुमछुम वाजत होता.