कोपरा जुळला

धाकटा भाऊ आणि मी एकाच घरात राहतो, दोघंही आराखडे काढतो, पण तीन वर्षं आमचा अबोला आहे. आई घराच्या त्याच्या अर्ध्या भागात राहते. मधल्या दारातून मी रोज तिच्याजवळ जाऊन बसतो.

आमच्या कामाच्या ऑनलाइन ग्रुपवर सगळे टोपणनावानं लिहितात. आज तिथे कुणा ‘काटकोन’नं एका कोपऱ्याचं चित्र टाकलं. सॉफ्टवेअरमध्ये त्याची नवी भिंत जुन्या भिंतीला काही केल्या जुळेना. अडलेल्याला हात देणं हीसुद्धा पूजाच, म्हणून मी जेवणाचं ताट बाजूला सारून लिहिलं.

“नाव काटकोन आणि कोपराच सुटला होय, माउली? दोन्ही मध्यरेषा एका बिंदूवर आणा. मग भिंतीच्या टोकाला ‘जोडू नका’ केलंय, ते काढा.”

“घरचंच काम आहे दादा, म्हणून हात चालत नव्हता... जुळली बघा. देवासारखे भेटलात. उद्या गवंडी यायचेत.”

आणि त्यानं कौतुकानं अख्खा नकाशा पाठवला.



नकाशा आमच्याच घराचा होता, आणि मी जोडून दिलेल्या भिंतीनं आईकडे जायची वाट बंद झाली होती.